निलगिरीच्या वाफेच्या गाडीने पहिल्यांदा जाताय? मग तिकीट काढायच्या आधी हे वाचा

उटीला जाऊन आलेली बरीच मंडळी सांगतात की आम्ही टॉय ट्रेनमध्ये बसलो, आणि जरा खोदून विचारलं की कळतं ते उटी ते कुन्नूर बसले होते, म्हणजे डिझेलच्या गाडीत. ती गाडी पण छान आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितेच, पण वाफेचं इंजिन, दात्यांचा रूळ, दर डब्यावर उभा असलेला ब्रेक्समन, मधे थांबून पाणी पिणारं इंजिन, हे सगळं आहे कुन्नूरच्या खाली, मेट्टुपालयम ते कुन्नूर. इतक्या लांब जायचं आणि नेमका तोच भाग राहून जायचा हे मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. वाफेच्या गाडीचं काहीच माहीत नसलं तरी चालेल.

आधी लाइन समजून घ्या

निलगिरी माउंटन रेल्वे तामिळनाडूत आहे, मेट्टुपालयम ते उदगमंडलम, म्हणजे आपली उटी. अंतर ४६ किमी, मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर, नेहमीच्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद. मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना मीटरगेज काय ते सांगायला नको, मनमाड-औरंगाबाद-नांदेड लाइन कित्येक वर्षं तशीच होती. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर आणि उटी २२०३ मीटरवर, मधे २०८ वळणं, २५० पूल आणि १६ बोगदे. १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत सुरू झाली आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली. २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, दार्जिलिंगची १९९९ लाच आली होती आणि कालका-शिमला २००८ ला.

आता मुख्य गोष्ट म्हणजे चढ. आपल्या बोरघाटात कर्जत-लोणावळा चढ १:३७ आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, बँकर म्हणतात त्यांना, कर्जतला गाडी का थांबते हे लहानपणापासून आपण बघतोच. माथेरानच्या गाडीचा चढ १:२०. आणि निलगिरीला कल्लार ते कुन्नूर चढ १:१२. बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढावर नुसतं लोखंडी चाक लोखंडी रुळावर टिकत नाही, जागेवरच फिरायला लागतं किंवा मागे घसरतं. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दात्यांच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्यात, एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर येईल अशा, म्हणजे इंजिनाखालचं दातेरी चाक कायम कुठल्या ना कुठल्या दात्यात अडकलेलं राहतं. ही रोमान आब्ट नावाच्या स्विस इंजिनीअरची पद्धत. अशी दात्यांची लाइन चालू स्थितीत भारतात दुसरीकडे कुठेच नाही.

कुन्नूरच्या वर चढ १:२३ पर्यंत उतरतो, तिथे दाते लागत नाहीत, आणि म्हणून तिथून पुढे डिझेल इंजिन चालतं.

एवढं डोक्यात असलं की पुढचं सगळं सोपं जातं.

महिना कुठला

इथे आपल्या लोकांचा हिशोब हमखास चुकतो. आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर, मग दिवाळीच्या सुट्टीत फिरायला जायचं ही सवय. पण निलगिरीच्या या पूर्वेकडच्या उतारावर खरा जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, ईशान्य मोसमी पाऊस, आणि तेव्हाच दरडी कोसळतात, रुळाखालची माती वाहून जाते, आणि गाडी एक दिवस नाही तर कधी कधी कित्येक दिवस बंद राहते. म्हणजे नेमकी दिवाळी. ज्यांना दिवाळीतच जमतं त्यांनी जरूर जा, पण गाडी मिळेलच असं धरून हॉटेल-विमान सगळं पक्कं करू नका.

एप्रिल-मे मध्ये उटीचा सीझन, तुडुंब गर्दी. माझ्या मते जानेवारीचा शेवट ते मार्च सगळ्यात चांगलं, पोंगलची सुट्टी संपलेली असते, हवा स्वच्छ, उटीला रात्री चांगलीच थंडी. स्वेटर खरंच न्या, सकाळी सहाला मेट्टुपालयमला घाम येत असतो आणि दुपारी उटीला उतरल्यावर हुडहुडी, एकाच गाडीत.

तिकीट

आयआरसीटीसीवर स्टेशनच्या नावाने शोधताना गोंधळ होतो म्हणून कोड लक्षात ठेवा. मेट्टुपालयम एमटीपी, उटी यूएएम, आणि कुन्नूरचा कोड ओएनआर आहे, हा बऱ्याच जणांना सापडत नाही. गाडीचे नंबर मधे मधे बदलले गेलेत त्यामुळे जुन्या लेखातल्या नंबरवर विसंबू नका.

शोधायचं ते एमटीपी ते यूएएम. सकाळी ७:१० ची एकच रोजची गाडी आहे जी खालून वर जाते, कुन्नूरला साधारण साडेदहाच्या सुमारास आणि उटीला दुपारी बाराच्या आसपास. परत उटीहून दुपारी २ ला निघते ती संध्याकाळी साडेपाचच्या पुढे मेट्टुपालयमला. चढायला पावणेपाच तासांच्या वर आणि उतरायला साडेतीन. निघायच्या आधी वेळ एकदा तपासून घ्याच.

आरक्षण सध्या ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, आणि या गाडीच्या जागा थोड्याच, कारण चढावर इंजिन तीन-चार डब्यांपेक्षा जास्त ओढू शकत नाही, खरं म्हणजे ढकलू शकत नाही. त्यामुळे शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या तारखा झटकन संपतात. अकाउंटला आधार आधीच जोडून ठेवा, प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा आणि आठला तयार बसा. मधल्या वारचं बघा, मंगळवार-बुधवार मिळायची शक्यता जास्त. सीझनमध्ये आणि सुट्ट्यांना दक्षिण रेल्वे स्पेशल गाड्या पण सोडते, त्यांचं भाडं बरंच जास्त असतं पण तोच मार्ग, तेच इंजिन, त्यामुळे रोजची गाडी फुल असेल तर ते पण बघा.

वर जाणारी नाहीच मिळाली तर दुपारची उटी-मेट्टुपालयम घ्या. ती पण कुन्नूरपासून खाली वाफेवरच असते. लोक तिला दुय्यम समजतात पण ब्रेकचं काम बघायचं असेल तर उतरणारी गाडीच खरी.

फर्स्ट क्लास की सेकंड? परवडत असेल आणि मिळत असेल तर वर जाताना फर्स्ट क्लास, कारण इंजिन मागून ढकलत असतं आणि फर्स्ट क्लास सगळ्यात पुढे, म्हणजे समोरच्या काचेतून रूळ, दाते, बोगद्याचं तोंड सगळं सरळ दिसतं. सेकंडची मजा वेगळी, इंजिनाच्या जवळ, आवाज अंगावर येतो, बोगद्यात धूर पण येतो. मला स्वतःला सेकंड जास्त आवडतं. लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर मात्र इंजिनापासून लांबचाच डबा बरा.

पोचायचं कसं

मुंबई-पुण्याहून कोइम्बतूर गाठायचं. कुर्ला टर्मिनसहून पुणे-सोलापूर मार्गे कोइम्बतूर एक्सप्रेस आहे, मुंबईहून थेट विमान पण आहे. कोइम्बतूरहून मेट्टुपालयम साधारण ३५-४० किमी, लोकल गाड्या आणि बस भरपूर. चेन्नईकडून येणाऱ्यांसाठी निलगिरी एक्सप्रेस उत्तम, रात्री निघते आणि सकाळी सव्वासहा-साडेसहाला मेट्टुपालयमला सोडते, ७:१० च्या गाडीला जोडूनच आहे ती.

कोइम्बतूरला राहून पहाटे टॅक्सीने येतो म्हणणारे असतात, जमतं, पण मी सांगेन की आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच राहा. गाव साधंच आहे, हॉटेलं साधी आहेत, पण सकाळी सहाला चालत स्टेशनवर जाता येतं, आणि ती सकाळची वेळ फार मोलाची आहे.

सकाळी सहा ते सात

लवकर का जायचं, तर गाडी तयार होताना बघायला. डिझेलचं इंजिन चालू करायला फार वेळ लागत नाही, पण वाफेच्या इंजिनात आधी आग पेटवायची, हळूहळू बॉयलर तापवायचा, घाई केली तर लोखंड एका बाजूने तापून ताणलं जातं, आणि पुरेसा दाब आला की मगच इंजिन हलतं. म्हणजे तुम्ही यायच्या कितीतरी तास आधीपासून शेडमधली माणसं जागी असतात. मग तेलाचा डबा घेऊन एकजण प्रत्येक सांध्यात तेल घालत फिरतो, दुसरा हातोडी-पाना घेऊन तपासतो. हे प्लॅटफॉर्मवरून नीट दिसतं. रुळावर उतरू नका, शेडमध्ये परवानगीशिवाय शिरू नका. प्लॅटफॉर्मवरूनच ‘अण्णा’ म्हणून हाक मारून हसून विचारलं तर लोक आपणहून दाखवतात, भाषा अर्धवट कळली तरी हाताने दाखवतात. कामाची घाई दिसली तर मात्र बाजूला राहायचं.

इंजिनाला चार सिलिंडर आहेत, दोन वर दोन खाली. खालचे नेहमीची चाकं फिरवतात आणि वरचे दातेरी चाकं. सपाट रुळावर फक्त खालचे काम करतात. दात्यांवर आलं की खालच्या सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ वाया न घालवता वरच्यांना देतात, म्हणजे एकाच वाफेकडून दोनदा काम. ही एक्स क्लासची इंजिनं मुळात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या कारखान्यातली, १९१४ पासून पुढे आलेली, शेवटची खेप १९५२ ची. नंतर कारखान्याने असलं काही बनवणं बंद केलं, सुटे भाग कुठून आणणार, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने हे काम हातात घेतलं आणि २०११ पासून चक्क नवीन इंजिनं तिथे बांधली. शंभर वर्षांपूर्वीच्या डिझाइनचं वाफेचं इंजिन भारतातल्या सरकारी वर्कशॉपमध्ये नव्याने बांधलं जातं, मला याचा प्रचंड अभिमान वाटतो आणि याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. पूर्वी सगळी कोळशावर होती, नंतर तेलावर वळवली, आणि गेल्या काही वर्षांत परत कोळशावरची पण बांधलीत.

मेट्टुपालयम स्टेशनला छोटं रेल्वे म्युझियम आहे, उतरताना वेळ असेल तेव्हा बघा, सकाळी ते बघत बसू नका.

कल्लार ते कुन्नूर, इथे फोन खिशात ठेवा

पहिले आठेक किलोमीटर सुपारीच्या बागांमधून जवळपास सपाट, गाडी बऱ्यापैकी पळते. मग कल्लार. इथे गाडी एकदम हळू होते, कारण दातेरी चाकाचे दाते पट्टीच्या दात्यांत अचूक बसले पाहिजेत. सुरुवातीची पट्टी स्प्रिंगवर बसवलेली असते म्हणजे दात्यावर दाता आला तरी दबते आणि पुढचा बरोबर बसतो. खिडकीत कान देऊन ऐका, आवाज बदलतो. आधी नुसता भकभक, आणि दाते लागल्यावर खालून एक सलग खडखड, ती कुन्नूरपर्यंत सुटत नाही. इथून पुढे ताशी १३ किमी.

आता दोन गोष्टी बघायच्या.

एक, इंजिन. चढताना मागे, उतरताना पुढे, म्हणजे कुठल्याही दिशेला गेलात तरी इंजिन कायम खालच्या बाजूला. कारण सरळ आहे, कपलिंग तुटलंच तरी डबे घरंगळून जाणार नाहीत, इंजिनावर टेकतील.

दोन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ब्रेक्समन. प्रत्येक डब्याच्या टोकाच्या उघड्या प्लॅटफॉर्मवर एक माणूस उभा असतो, ऊन असो पाऊस असो. इंजिन मागे असल्यामुळे ड्रायव्हरला पुढचं नीट दिसत नाही, मग सगळ्यात पुढच्या डब्यावरचा माणूस त्याचे डोळे, तो झेंडा दाखवतो, पुढचा मागच्याला, असं करत खूण इंजिनापर्यंत जाते. ड्रायव्हर शिट्टी देतो, त्या शिट्टीप्रमाणे हे आपापल्या डब्याचा ब्रेक हाताने आवळतात किंवा सोडतात. कुणी कमी आवळला कुणी जास्त तर डबे एकमेकांना हिसके देतात, म्हणून सगळ्यांचा हात एका अंदाजाने चालावा लागतो. तुमचा प्रवास हिसका न बसता झाला ना, तो या माणसांमुळे. लोक खिडकीतून धबधब्याचे फोटो काढत असतात आणि दोन हातांवर हे चाललेलं असतं, तर जरा बघा. त्यांच्या वाटेत उभं राहून सेल्फी काढू नका, त्यांना समोरचा झेंडा दिसायला पाहिजे.

अॅडर्लीला, मग हिलग्रोव्हला, मग रनीमीडला इंजिन पाणी घेतं. हिलग्रोव्हला उतरता येतं, चहा-वडा मिळतो, आणि डब्यात संडास नाही त्यामुळे इथलं सोडू नका, मुलांना तर आधीच सांगून ठेवा. माकडं भयंकर आहेत, हातातला खाऊ थेट ओढतात, बॅगेची चेन लावून ठेवा आणि त्यांना काही घालू नका. शिट्टी झाली की लगेच चढा. हा हत्तींचा इलाका आहे, रूळ ओलांडून जातात ते, म्हणून चांगला फोटो मिळेल म्हणून रुळावरून लांब चालत जायचं अजिबात करू नका.

कुन्नूर आणि पुढे

कुन्नूरला दाते संपतात आणि वाफेचं इंजिन सुटतं. खाली उतरा, इंजिन बदलताना बघा, इथे पण शेड आहे. नंतर गाडी आधी थोडी मागे जाते आणि मग उटीची वाट धरते, तेव्हा चुकीच्या दिशेने निघाली म्हणून घाबरू नका.

पुढचे अठरा किमी डिझेलचे. वेलिंग्टन, अरवंकाडू, केटी, लव्हडेल. चहाचे मळे, केटीची दरी, निलगिरीची उंच झाडं, एकदम मोकळं. इंजिन वायडीएम-४, मीटरगेजवर एकेकाळी देशभर चालायचं, आता मीटरगेजच उरली नाही म्हणून हे पण दुर्मिळ होत चाललंय, तेव्हा डिझेल म्हणून नाक मुरडू नका. शिवाय या भागात दिवसाला आणखी गाड्या आहेत, भाडं अगदी कमी, आणि गाडी रोज वापरली जाते म्हणून जिवंत राहते. आई-वडील पाच तास बाकावर बसू शकत नसतील तर त्यांना कुन्नूरपर्यंत रस्त्याने आणा आणि हा तासा-सव्वातासाचा भाग गाडीने करा, त्यांना खूप आवडेल. तुम्ही स्वतः मात्र खालून या.

सामान आणि नियम

मोठ्या ट्रॉली बॅगा नकोत, डबे लहान आहेत. पांढरे कपडे नकोत. निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, पाण्याच्या बाटल्यांसकट, म्हणून स्टीलची बाटली आणि खाणं डब्यात किंवा फडक्यात, दशम्या-चटणी चांगली टिकते. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने वर जाणार असाल तर २०२४ पासून ई-पास काढावा लागतो, ऑनलाइन निघतो. रेल्वेने किंवा सरकारी बसने जाणाऱ्यांना लागत नाही.

आणि गाडी रद्द झाली तर

पावसात हे होऊ शकतं, आदल्या रात्री दरड आली की सकाळी गाडी नाही. रूळ तपासणारी माणसं पावसात चालत लाइन बघतात आणि त्यांनी नाही म्हटलं तर नाही, तिथे स्टेशनमास्तरांशी भांडू नका. रेल्वेने गाडी रद्द केली की ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. मेट्टुपालयमहून कुन्नूर-उटीच्या बस दिवसभर असतात, बुर्लियार घाटाने कुन्नूरला जायचं आणि वरची डिझेलची गाडी चालू असेल तर तिथून ती पकडायची. जमत असेल तर उटीत दोन रात्री ठेवा आणि परतीचं तिकीट पण गाडीचंच काढा, म्हणजे जाताना हुकली तरी लाइन उघडल्यावर उतरताना कुन्नूरच्या खालचा भाग मिळू शकतो, आणि त्या दिवशी जागा इंजिनाजवळच्या डब्यात आली तर खिडकी सोडू नका.